रे वरून म वर जाताना बोट का अडखळतं?

पत्र

ताई, सादर नमस्कार. मी 27 वर्षांचा, राहणार लष्कर, ग्वाल्हेर. तीन वर्षांपूर्वी मामानं अमेरिकेहून येताना पाच तारांचा बँजो आणला. मोबाईलवरचे धडे बघत बघत तीन बोटांचे रोल, म्हणजे तीन बोटांनी ओळीनं वेगवेगळ्या तारा छेडणं, शिकलो. मेट्रोनोम 120 वर, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांवर, लावून एका ठोक्याला चार आघात, असे रोल आता स्वच्छ येतात. पण माझं मन आहे एकाच तारेवर अंगठा आणि तर्जनी आळीपाळीनं मारून वाजवायच्या तानांमध्ये. राग दुर्गातली एक द्रुत गत त्याच पद्धतीनं बसवली आहे. 80 पर्यंत ठीक चालतं, 90 ला हात दगडासारखा होतो आणि 100 ला सगळं कोसळतं. वर जाताना रे नंतर आणि उतरताना म नंतर हटकून अडखळतो. बाबा तबला वाजवतात, ते म्हणतात तुझी लय पळते. रोज दोन तास बसतो, आता मनगटापासून कोपरापर्यंत दुखायलाही लागलंय. संक्रांतीला मंडळात कार्यक्रम आहे, अजून दहा आठवडे हातात आहेत. माझी बोटंच जाड आहेत, की माझ्यात वेगच नाही? की बोटांत घालायच्या नख्या काढून ठेवून गिटारसारखी चपटी पिक धरू?

उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बँजो मांडीवर घेऊन बसले आणि तू लिहिलेल्या जागा वाजवून पाहिल्या. बोटांच्या जाडीचा इथे काही संबंध नाही. आणि ज्याचे रोल 120 ला स्वच्छ येतात, त्याच्या हातात वेग नाही असं कोण म्हणेल? तू ज्या दोन जागा सांगितल्यास, रे नंतर आणि म नंतर, त्यांवरून मला अडचण बरीचशी कळली आहे. ती सुटणारी आहे. पण आधी दुखण्याचं बोलू.

मनगटापासून कोपरापर्यंत दुखतंय ना, मग पुढचे आठ दिवस वेगाचा रियाज बंद. बँजो बंद नाही, वेग बंद. मी विशीत सरोद शिकत होते. परीक्षा तोंडावर आली होती आणि मी दुखत्या हातानं झाला, म्हणजे वादनाचा शेवटचा द्रुत भाग, रेटत होते. बाम चोळायचा आणि परत बसायचं. परीक्षा झाली, पण त्यानंतर चार महिने मला पाण्यानं भरलेला तांब्या उजव्या हातानं उचलता येत नव्हता. त्या काळात मला कोणी थांब म्हटलं नाही, उलट सगळे चिकाटीचं कौतुक करत राहिले. म्हणून मी तुला थांब म्हणतेय. आठ दिवसांनी दुखणं गेलं नाही, किंवा मध्येच बोटांना मुंग्या यायला लागल्या, तर हाडांच्या डॉक्टरांना नाहीतर फिजिओथेरपिस्टला दाखव. कार्यक्रम पुढच्या वर्षीही होईल.

तुझ्याशिवाय हे सदर वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करते, कारण 'बँजो' म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतलं, टाइपरायटरसारख्या कळा असलेलं वाद्य येतं. ते मुळात बुलबुलतरंग, जपानच्या तैशोगोतोवरून आलेलं. या मुलाचं वाद्य वेगळं आहे. गोल कड्यावर ताणलेलं कातडं किंवा प्लास्टिकचा पडदा, लांब मान, पाच तारा. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांनी त्यांच्या मायदेशातल्या भोपळ्याच्या वाद्यांच्या आठवणीवर ते तिकडे घडवलं. कळांचा बँजो वाजवणाऱ्यांनाही खाली लिहिलेलं काही उपयोगी पडेल, विशेषतः लयीबद्दलचं.

आता तुझा हिशेब मांडते. 120 ला ठोक्याला चार म्हणजे सेकंदाला 8 आघात. सरळ रोलमध्ये हे आठ आघात तीन बोटांत वाटले जातात, म्हणजे एका बोटाच्या वाट्याला सेकंदाला तीनसुद्धा येत नाहीत, आणि प्रत्येक बोटाची तार वेगळी. एका तारेवरच्या वादनात कामाला बोटं दोनच. त्याच 120 ला अंगठ्याला चार आणि तर्जनीला चार, तेही एकाच तारेवर, एकानं तार सोडताच दुसऱ्यानं धरायची. म्हणजे प्रत्येक बोटाचं काम दीडपट. तेव्हा रोल 120 ला येतात म्हणून तानही 120 ला यायला हवी, ही अपेक्षाच तू मनातून काढून टाक. 80 ला तू सेकंदाला पाच-सव्वापाच स्वर वाजवतो आहेस. तीन वर्षांत स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या मुलासाठी हे खूप चांगलं आहे.

ही दोन तंत्रं जन्मानंसुद्धा वेगळी आहेत. तीन बोटांचा रोल ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते अर्ल स्क्रग्ज 1945 मध्ये बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले. ते बाहेर पडल्यावर 1948 मध्ये त्यांच्या जागी आले डॉन रिनो. रिनो गिटारही उत्तम वाजवायचे. गिटारवर चपट्या पिकेनं खाली-वर करून जे निघतं ते बँजोवर अंगठा आणि तर्जनीनं काढायचं, हा मार्ग पुढे त्यांनी आणि एडी अ‍ॅडकॉक यांनी रुळवला. अलीकडे बेला फ्लेक यांनी तोच मार्ग कुठल्या कुठे नेला. त्यांना झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्यासोबत वाजवताना तू ऐकलं असशीलच. 2024 मध्ये त्या संचाला, एडगर मायरसह, ग्रॅमी मिळालं. ते पुन्हा ऐक, पण या वेळी वेगाकडे लक्ष देऊ नकोस. दोन स्वरांमधलं अंतर ऐक. एकही स्वर दुसऱ्याला ढकलत नाही.

आणि तू तर ग्वाल्हेरचा. जिवाजीगंजात सरोदघर आहे. उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांच्या घराण्याचं राहतं घर, आता तिथे वाद्यांचं संग्रहालय आहे. गेला नसशील तर एका रविवारी जा आणि सरोदच्या पोटाकडे नीट बघ. कातडं. त्यावर घोडी, घोडीवर तारा. तुझ्या बँजोची रचना तीच. स्वर पटकन उमटतो आणि पटकन विरतो. म्हणून सरोदवाले आघाताला इतके जपतात. जवा, म्हणजे नारळाच्या करवंटीचा तो तुकडा, खाली गेला की दा, वर आला की रा. माझ्या गुरूंनी पहिले सहा महिने मला एका तारेवर फक्त दा रा दा रा करायला लावलं होतं. डोळे मिटून बसायचे आणि मध्येच बोट वर करायचे. याचा अर्थ, आत्ताचा रा दा पेक्षा बारीक होता.

तुझ्या बँजोवर दा म्हणजे अंगठा, रा म्हणजे तर्जनी. अंगठा वरून खाली येतो, जाड असतो, हाताचं वजन त्याच्या मागे असतं. तर्जनी खालून वर ओढते, हलकी असते. त्यामुळे बहुतेक लोकांचं दा-रा लंगडं असतं. हळू लयीत ते कळत नाही, वेग वाढला की 'दाऽर दाऽर' असं ऐकू येतं, आणि बाबा म्हणतात लय पळते. ते खरं बोलतायत. पळते ती तर्जनी. हलका आघात लवकर उरकतो, पुढचा अंगठा त्याच्या मागे धावतो.

याची खात्री कशी करशील? मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड कर आणि निम्म्या वेगानं ऐक. मी पहिल्यांदा स्वतःचं असं ऐकलं तेव्हा मला धक्का बसला होता. तुलाही बसेल. तरी ऐक.

आता मुख्य गोष्ट. तू अडखळतोस ते वेगामुळे नाही, तार बदलताना कुठलं बोट कुठे आहे त्यामुळे.

उजवा हात बँजोवर ठेव आणि बघ. अंगठा वरच्या बाजूला, जाड तारेकडे. तर्जनी खालच्या बाजूला, पहिल्या बारीक तारेकडे. म्हणजे अंगठा जाड तारेवर आणि तर्जनी तिच्या शेजारच्या बारीक तारेवर, ही हाताची नैसर्गिक बैठक. अंगठ्यानं तिसरी तार वाजवून तर्जनीनं दुसरी वाजवलीस तर हात जागचा हलत नाही. हे सोपं वळण. उलट, तर्जनीनं तिसरी वाजवून अंगठ्यानं दुसरी वाजवायला गेलास, की अंगठ्याला तर्जनीला ओलांडून आत शिरावं लागतं. हे अवघड वळण. उतरताना तसंच: बारीक तारेवर तर्जनी, मग जाड तारेवर अंगठा, सोपं. बारीक तारेवर अंगठा आणि मग जाड तारेवर तर्जनी, अवघड.

तू गत कशी वाजवतोस ते तू लिहिलं नाहीस, पण मी पैजेवर सांगते. बँजो नेहमीच्या जी मेळात (जी स्वराला धरून तारा लावलेल्या) आहे, तिसऱ्या मोकळ्या तारेला तू सा मानला आहेस. सा तिसरी मोकळी, रे तिसरीवर दुसरा पडदा (मानेवरची आडवी पट्टी, फ्रेट), म दुसरीवर पहिला पडदा, प पहिली मोकळी, ध पहिलीवर दुसरा, वरचा सा पहिलीवर पाचवा. सुरुवात अंगठ्यानं, कारण सगळे धडे तसंच सांगतात. आता मोज. सा अंगठा, रे तर्जनी, आणि म ला परत अंगठा, तोही बारीक तारेवर. रे नंतर अडखळतोस ना? हे ते अवघड वळण. येताना वरचा सा तर्जनी, ध अंगठा, प तर्जनी, म अंगठा, आणि रे ला तर्जनी, जाड तारेवर. म नंतर अडखळतोस. हेही तेच.

म्हणजे तीन वर्षं तू स्वतःच्या बोटांना दोष देत बसलास, आणि चूक होती स्वरांच्या जागांमध्ये. 80 पर्यंत हात कसाबसा ओलांडून जातो, 90 ला त्याला वेळच उरत नाही, मग तो आखडतो. दगड होतो तो यामुळे. दुखतं तेही बहुधा यामुळेच.

आता जागा बदल. सा तिसरी मोकळी, रे तिसरीवर दुसरा पडदा, म तिसरीवरच पाचवा पडदा. प दुसरीवर तिसरा, ध दुसरीवर पाचवा. वरचा सा पहिलीवर पाचवा, आधीचाच. सुरुवात अंगठ्यानंच.

सा अंगठा, रे तर्जनी, म अंगठा. तार बदलली, प तर्जनी: सोपं वळण. ध अंगठा. तार बदलली, सा तर्जनी: सोपं. उतर: ध अंगठा, सोपं. प तर्जनी, म अंगठा, सोपं. रे तर्जनी, सा अंगठा. चढताना-उतरताना एकही अवघड वळण नाही, आणि अंगठा-तर्जनीची आळीपाळी कुठे मोडलेली नाही. मी हे वाजवून पाहिलं आणि मला स्वतःलाच इतका आनंद झाला की दुर्गा अर्धा तास सोडवेना. आणखी एक फायदा असा की प मोकळ्या तारेवर वाजत नाही. मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा आवाज वेगळा येतो, द्रुत तानेत मध्येच मोकळा प ठणकतो. तो ठणका गेला.

डावा हात असा ठेव: तर्जनी दुसऱ्या पडद्यावर रे साठी, मधलं बोट तिसऱ्यावर प साठी, अनामिका पाचव्यावर म आणि ध साठी, करंगळी वरच्या सा साठी. सुरुवातीला दुसरा ते पाचवा पडदा एवढा ताण करंगळीला जाणवेल. बँजोची मान थोडी वर उचलून धरलीस की कमी होतो.

पण दुर्गा म्हणजे सरळ आरोह-अवरोह नाही. त्याचा जीव 'ध म रे' मध्ये आहे, आणि तिथे पंचाईत होते. प तर्जनी, ध अंगठा, मग म तर्जनीनं जाड तारेवर: अवघड वळण परत आलं. इथे आघात एक कमी कर. प तर्जनीनं वाजव, ध डाव्या अनामिकेनं पडद्यावर आपटून उमटव, म्हणजे हॅमर-ऑन, आपल्या कृंतनाच्या घरातलाच प्रकार. म अंगठ्यानं, रे तर्जनीनं, सा अंगठ्यानं. वळण सोपं झालं आणि ध ला एक सुंदर गोलाई आली. आघाताच्या ध पेक्षा हा ध दुर्गात जास्त शोभतो, असं माझं मत आहे.

हीच युक्ती पुढे प्रत्येक तानेला लाव. तान कागदावर लिही, खाली दा-रा लिही, तार बदलते तिथे उभी रेघ मार. चढताना रेघेच्या आधी दा हवा, उतरताना रेघेच्या आधी रा हवा. जुळत नसेल तर तीनांपैकी एक कर: स्वराची जागा बदल, सुरुवात तर्जनीनं कर, किंवा एक हॅमर-ऑन घाल. बिलावलचा साधा पलटा पहिल्या पडद्यांवर वाजवून बघ, तो अंगठ्यानं सुरू केला तर चढताना दोन्ही वळणं अवघड पडतात, तर्जनीनं सुरू केला तर सगळी सोपी. ठेक्याचा जोर तर्जनीवर येतो म्हणून आधी विचित्र वाटेल, पण तर्जनीला तेच औषध आहे. अवघड वळण कायमचं टाळता येणार नाही हेही खरं. ते रोज पाच मिनिटं, 50 च्या लयीत, वेगळं करत जा. कार्यक्रमात मात्र दहा आठवड्यांत ते आणू नकोस.

आता वेग वाढवायचा कसा. 'हळूहळू वाढव, रोज दोन-दोन ठोके चढव' असं तुला सगळे सांगतील. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. हळू वाजवताना हात जी हालचाल करतो ती वेगातल्या हालचालीपेक्षा मोठी असते. 60 ला बोट तारेपासून बोटभर लांब गेलं तरी चालतं, 110 ला नाही. म्हणजे 60 ला तू महिनाभर चुकीची हालचालच घोटत राहशील. हळू रियाज कान तयार करण्यासाठी हवाच, पण हात तयार करण्यासाठी छोट्या झपक्या मार. मेट्रोनोम 100 ला. एका तारेवर फक्त पाच आघात, दा रा दा रा दा, पाचवा बरोबर पुढच्या ठोक्यावर, आणि थांब. हात ढिला सोड, खांदा खाली. दोन ठोके जाऊ दे. परत पाच. पाच आघातांत हाताला आखडायला वेळच मिळत नाही. आठवडाभरानं नऊ कर. नवाला हात आखडला तर परत पाचावर ये. तेरा, सतरा असं वाढत गेलं की एक पूर्ण आवर्तन तुझ्या हातात येतं, आणि आखडण्याची सवयच लागलेली नसते.

तर्जनीसाठी दुसरा पाठ. तिनाचे गट: दा रा दा, रा दा रा. प्रत्येक गटाच्या पहिल्या आघातावर जोर. एकदा जोर अंगठ्यावर येतो, एकदा तर्जनीवर, आपोआप. तारा डाव्या हातानं हलक्या दाबून, सूर न काढता, नुसता टकटक आवाज येईल असं कर. सूर नसला की कानाला लंगडेपणा लगेच पकडता येतो. हे मी आजही चहा उकळेपर्यंत करते.

आणि मेट्रोनोम निम्मा वेळच. बाकीचा वेळ बाबांना बसव. अरे, घरात तबला आहे तुझ्या! मेट्रोनोम फक्त ठोका देतो, तीनतालाचा ठेका तुला 'खाली', म्हणजे तालातली रिकामी जागा, दाखवतो. 'ना तिं तिं ना' ला बायाँ (डग्गा) गप्प होतो, तिथेच नवख्याची लय पळते. बाबांना सांग, मी घाई केली तर तुम्ही माझ्या मागे येऊ नका, जागेवर राहा. तबलजी बापाला मुलाला सांभाळून घ्यायची सवय असते, म्हणून हे स्पष्ट सांगावं लागतं. रोज वीस मिनिटं विलंबितापेक्षा किंचित चढ्या ठेक्यात फक्त दुगुन-चौगुन कर, गत नाही.

हाताच्या बैठकीचं थोडक्यात. अनामिका आणि करंगळी कातड्यावर टेकतात ना, ती टेकू दे, रोवू नकोस. कागद खाली सरकवला तर निसटला पाहिजे इतकंच वजन. घोडीच्या जवळ वाजव. तिथे तार ताठ असते, आघात झाला की लगेच जागेवर येते आणि पुढच्या बोटाला स्थिर मिळते. मानेकडे आवाज गोड लागतो, पण तार झुलत राहते. आणि हळू वाजव, म्हणजे आवाज हळू. 90 ला हात दगड होतो तेव्हा तू नक्की जोरानं मारत असणार. वेग येईपर्यंत शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्याच आवाजात वाजव. मंडळात माईक असतोच.

नख्यांकडे बघ. तर्जनीची धातूची नखी बोटाच्या टोकाच्या वळणानुसार आत वळवलेली हवी. सरळ पात्याची नखी तारेत अडकते आणि तर्जनी उशिरा सुटते. आपल्या सतारीच्या तारेच्या नखीसारखी ती बोटाला पक्की बसली पाहिजे, पण टोक पांढरं पडेल इतकी घट्ट नाही. चिमट्यानं नाही, हातानंच थोडी थोडी वळव.

डाव्या हाताबद्दल एकच. बँजोचा स्वर लवकर विरतो, म्हणून पुढचा स्वर वाजेपर्यंत आधीचं बोट उचलायचं नाही. वेगात बहुतेक जण बोट अर्धा क्षण आधी उचलतात, मग स्वरांमध्ये भोकं पडतात आणि दोष उजव्या हाताला दिला जातो. डावं बोट आघाताच्या जरासं आधी पडद्यावर पोचलेलं हवं. पाचवा पडदा आणि तिसरा पडदा यांच्यात बोट हवेत कमीत कमी उचल.

संक्रांतीचं म्हणशील तर तुला ग्वाल्हेरची जानेवारी माहीत आहे. मंडळाच्या हॉलमध्ये तासभर खुर्चीवर बसून राहिलास की बोटं काकडतील. आपली पाळी यायच्या आधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात धर, नीट पुस, आणि मग दाबलेल्या तारांवर टकटक पाठ कर. गजक खायची तर वाजवून झाल्यावर खा. हात चिकट झाले की नखी सरकते. गत 92 ला धर. आत्ता 100 चं स्वप्न बघतोयस ते मला कळतं, पण नव्या जागा हातात बसायलाच तीन आठवडे जातील, पहिल्या आठवड्यात तर तू आत्तापेक्षाही हळू होशील. घाबरू नकोस, जुन्या जागांवर परत जाऊ नकोस. 92 ची सारखी तान 100 च्या तुटक्या तानेपेक्षा वेगवान ऐकू येते. बाबांना विचार, तेही हेच सांगतील.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, नख्या टाकून चपटी पिक धरू का. धरू नकोस. चपट्या पिकेचे बँजो वेगळे असतात, चार तारांचे: टेनर आणि प्लेक्ट्रम. त्यांचं वादन तितकंच मोठं आहे, पण तुझं वाद्य ते नाही. पिक धरलीस की तीन वर्षांचे रोल गेले, आणि मुख्य म्हणजे पाचवी तार गेली. ती आखूड तार बघ, अंगठ्याजवळची. जी मेळात तिचा स्वर वरचा सा आहे, पहिलीवर पाचव्या पडद्यावर येतो तोच. म्हणजे ती तुझी चिकारी आहे, मध्ये मध्ये छेडायची सा ची तार. एका तारेवरच्या तानांमध्ये ती गप्प राहते, म्हणून तुला तिचा विसर पडला असेल.

गत संपवताना झाला वाजव. दुर्गाचे स्वर तर्जनी आणि मधल्या बोटानं, चिकारी अंगठ्यानं, तुझ्या रोलच्याच क्रमात. तिथे तू 120 ला जाऊ शकतोस, दुखणं थांबलं की लगेच. तान 92 ला घे, तिहाई घेऊन समेवर ये, बाबांना एक आवर्तन ठेका चढवू दे, आणि मग झाला सुरू कर. कार्यक्रमाआधी दोघांनी निदान पाच वेळा फक्त तो जोड, तिहाईपासून झाल्याच्या पहिल्या आवर्तनापर्यंत, बसवा. आणि रेकॉर्डिंग मला पाठव, निम्म्या वेगानं ऐकून कळवते.